चार मिनिटं बारा सेकंद

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर सुहास समुद्राकाठी मांडवीच्या घरात एकटाच राहत होता. बायकोला, करुणाला, जाऊन तीन वर्षं होत आली होती. पुण्याहून सानिकाचा, त्याच्या मुलीचा, फोन आला. यंदा स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला आईची गाणी लावायची, तिचा आवाज आपल्याकडे दुसरीकडे कुठेच नाही, तेव्हा तिच्या त्या जुन्या सीडीतली गाणी संगणकावर घेऊन मला पाठवा, असं तिने सांगितलं.

सीडी २००९ सालची. महिला मंडळाच्या पाच जणींनी बुद्धपौर्णिमेसाठी मारुती मंदिराजवळच्या एका छोट्या स्टुडिओत आठ गाणी म्हटली होती. पहिली सात सगळ्यांची, शेवटचं करुणाचं एकटीचं. सीडीवर ओरखडा नव्हता. खरं तर ती फारशी वाजलीच नव्हती. सुहासने ती कधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

जयस्तंभाजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या संदेशकडून त्याने बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. गाणी उतरवून घ्यायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, तेही विचारलं. संदेश म्हणाला, कुठलंही घ्या, गाणं ते गाणंच. पण बत्तीस वर्षं लाइनवरची खरखर ऐकून बिघाड शोधणाऱ्या माणसाला हे उत्तर पटण्यासारखं नव्हतं. त्याने तीन प्रोग्राम घेतले आणि वहीत नोंदी करायला बसला.

पहिल्या प्रोग्रामने सगळी सीडी चार मिनिटांत उतरवली. आवाज जरा चपटा. दुसरा त्याहून बरा होता. पण जिथे नीट वाचता येत नाही तिथे आजूबाजूचा आवाज पाहून अंदाजाने भरून काढायचा. करुणाच्या गळ्यात कुणी अंदाजाने काही भरावं, हे सुहासला नको होतं. तिसरा हळू आणि किचकट. तो प्रत्येक गाणं दोनदा वाचायचा आणि दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच बरोबर म्हणायचा. सुहासला तोच आवडला.

सात गाण्यांचे आकडे जुळले. आठव्याचे जुळले नाहीत.

त्याने सीडी मऊ फडक्याने पुसली आणि पुन्हा लावली. पहिल्या वाचनात गाणं चार मिनिटं बारा सेकंदांचं होतं, दुसऱ्यात चार मिनिटं एकोणचाळीस. सीडीच्या पाकिटावर चार-बाराच छापलेलं होतं. त्याने हेडफोन चढवले. गाणं संपलं आणि पुढे सत्तावीस सेकंद पेटीचा भाता बंद केल्याचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने शेवट कापायचा राहिला असेल, असं त्याने वहीत लिहिलं. पण मग पहिले दोन प्रोग्राम चार-बारालाच थांबले कसे, हे त्याला लिहिता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने परत वाचायला लावलं. या वेळी नऊ मिनिटं. जिन्यावरची पावलं, शटर ओढल्याचा खडखडाट, रस्ता. एक रिक्षा सुरू झाली, बायकांचे आवाज तिच्यात बसून दूर गेले. उरला तो एकीचाच श्वास, आणि मधूनच बांगड्यांची किणकिण. तो श्वास सुहासने ओळखला. शेवटचे चार महिने हॉस्पिटलात तो रात्रंदिवस हाच श्वास ऐकत होता. इथे तो तरुण होता, एवढंच.

संध्याकाळी तो शालनवहिनींकडे गेला. मंडळातल्या त्या. त्यांनी चहा पुढे केला. त्या दिवशी रेकॉर्डिंग संपल्यावर काय झालं, असं त्याने विचारलं.

"आम्ही रिक्षा केली. तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, ते येतो म्हणालेत."

सुहासने कप खाली ठेवला. येतो असं तो म्हणाला होता खरा. पाच वाजता स्कूटर घेऊन. साडेचारला हातखंब्याला केबल तुटल्याचा निरोप आला, तो गेला, आणि करुणा त्याच्या डोक्यातून पार निघून गेली. आठ वाजता तो घरी आला तेव्हा तिने भात लावला होता. कशी आलीस, हे त्याने तेव्हा विचारलं नाही. पुढे कधीच नाही.

"बाहेर रस्त्यावर कुणी मशीन लावलं होतं का?" त्याने विचारलं.

"कोण लावणार वो भावोजी? आमच्यादेखत स्टुडिओवाल्याने मशीन बंद केलं, दिवे घालवले नि कुलूप लावलं."

घरी येऊन त्याने ठरवलं, दुसऱ्या प्रोग्रामची फाइल पाठवून द्यायची आणि हे मिटवायचं. बटणावर बोट ठेवून तो बसून राहिला. मग पुन्हा तो तिसरा प्रोग्राम उघडला.

त्यानंतर तो रोज दुपारी जेवण उरकून बसे. प्रत्येक वाचनाला गाणं लांबत गेलं. पन्नास मिनिटं करुणा नुसती उभी होती. मारुती मंदिराच्या चौकातल्या गाड्या येत-जात होत्या. एखादी स्कूटर जवळ आली की तिच्या बांगड्या थांबत. स्कूटर पुढे निघून जाई. असं अकरा वेळा झालं, सुहासने मोजलं.

मग चपलांचा आवाज सुरू झाला.

ती चालत निघाली होती. सीडीत ऐंशी मिनिटांहून जास्त काही मावत नाही, हे त्याला माहीत होतं. एकट्या या गाण्याने दीड तास ओलांडला होता. त्याने वहीत ते लिहिलं नाही. वही मिटून ठेवली. त्या दिवशी गेलो नाही. आता निदान सोबत तरी चालावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

एस.टी. स्टँडवरच्या गाड्यांची घरघर आली. जयस्तंभ मागे पडला. उतारावर तिची पावलं भरभर पडू लागली. एकदा ती थांबली. चप्पल हाताने नीट करत असावी. स्वतःशीच गाण्याची ओळ गुणगुणली आणि मध्येच सोडली.

सहाव्या दिवशी समुद्राचा आवाज आला.

त्याच संध्याकाळी साडेसहाला हेडफोनमध्ये त्याच्याच फाटकाची कडी वाजली.

सुहासने हेडफोन काढले. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. जेटीकडून पोरांचा कालवा येत होता.

तो उठला. त्याने दार सताड उघडलं.

अंगणात कोणी नव्हतं. फाटकाची कडी लावलेलीच होती.

तो उंबऱ्यावर उभा राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. त्या दिवशी रस्त्यावर कुणी जेवढं उभं राहिलं होतं, तेवढं तरी उभं राहायचं त्याने ठरवलं होतं.

अंधारू लागलं तेव्हा तो आत येऊन पडद्यासमोर बसला. प्रोग्रामने काम संपवलं होतं. दोन्ही वाचनांचे आकडे जुळले होते. एकही चूक नाही. लांबी चार मिनिटं बारा सेकंद.

त्याने फाइल लावली. गाणं होतं. फक्त गाणं. शेवटचा सूर विरला आणि आवाज बंद झाला. आधीच्या वाचनांच्या फाइली त्याने शोधल्या. सगळ्या तेवढ्याच होत्या. सुहास पहिल्यांदाच ते गाणं सबंध ऐकून रडला. मग फाइल सानिकाला पाठवली आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. दार लावायला हात धजेना.

अर्ध्या तासाने सानिकाचा फोन आला. तिचा आवाज जड होता. दोनदा ऐकलं, म्हणाली. आवाज किती स्वच्छ आलाय, म्हणाली.

"पण पप्पा, शेवटी आई तुमच्याशी बोलते, ते कधीचं?"

"काय बोलते?"

"तुम्ही ऐकलं नाहीत? म्हणते, अहो, दारात काय उभे राहिलात? मी मघाशीच आत आले."

सुहास उंबऱ्यावर होता. घराकडे त्याची पाठ होती.