सरावलेली ओळ

आंबोलीच्या संशोधन केंद्रातल्या काचघराचं दार हेमांगी नेरूरकरनं अठरा दिवसांनी उघडलं. याच काचघरात तिचा नवरा, सुधन्वा, गेला होता. हृदयविकाराचा झटका, क्षणात गेले, असं डॉक्टर म्हणाले होते. 'क्षणात' या एका शब्दावर ती कशीबशी तग धरून होती.

आत लाजाळूच्या बारा ओळी होत्या. प्रत्येक रोपाच्या देठाला केसाएवढी तार जोडलेली. पानाला धक्का लागला की रोपात विजेचा सूक्ष्म झटका धावतो, तो स्पर्शलेखक टिपतो आणि लगेच फोनवर कळवतो. हे यंत्र दोघांनी मिळून बनवलं होतं.

सुधन्वाचा मित्र आणि सहकारी इक्बाल दळवी एकेका ओळीचे बुंधे हलकेच ओढून नेहमीची तपासणी करत होता. अकरा ओळी झटकन मिटल्या. बारावी, अगदी जमिनीलगतची ओळ, तशीच उघडी राहिली.

"मेलीत वाटतं, वहिनी."

हेमांगीनं पानांवर पाण्याचा थेंब टाकला. पानं मिटली. ती उघडेपर्यंत थांबून तिनं फुंकर घातली. पुन्हा मिटली. मग तिनं खाली बसून एका रोपाचा बुंधा मुठीत धरला आणि हलकेच खाली ओढला. एकही पान हललं नाही.

"मेलेली नाहीत, इक्बालभाई. सरावलीत. एखादा धक्का पुन्हा पुन्हा बसला आणि त्यातून इजा झाली नाही, तर रोप त्याची दखल घेणं सोडतं. फक्त त्याच धक्क्याची. ही खालून ओढण्याला सरावलीत."

"पण असं पुन्हा पुन्हा कोण ओढेल? तेही जमिनीवरून..."

इक्बाल मध्येच थांबला. सुधन्वा त्याला याच ओळीशी पडलेला सापडला होता. त्याचा फोन वर टेबलावर होता.

हेमांगीला ती दुपार आठवली. ती पुण्यात होती. दोन वाजून दहा मिनिटांनी फोनवर बाराव्या ओळीचे झटके दिसू लागले. आधी उंच, मग बुटके, अर्ध्या तासात रेघ सपाट. तेच झटके आपल्या फोनवर पाहून सावंतवाडीला गेलेल्या इक्बालनं विचारलं होतं, परत जाऊन बघू का? तिनंच लिहिलं होतं : वारा असेल. रोपं सरावली. धावत जाऊ नका.

सुधन्वा त्या तारांमधून तिला हाक मारत होता. आणि रोपांना त्या हाकेची सवय झाली.

"अर्धाच तास ना," इक्बाल म्हणाला. "रेघ सपाट झाली म्हणजे तेव्हाच..."

"नाही. रोपं गप्प झाल्यावरही ओढत राहिलं तर सराव आणखी खोल जातो. विसरायला जास्त दिवस लागतात. आपणच मोजलं होतं. एका तासाच्या ओढीला सहा दिवस."

अठरा दिवस झाले होते. म्हणजे निदान तीन तास.

त्यानंतर हेमांगी रोज दुपारी यायची, बाराव्या ओळीशी बसायची आणि बुंधा ओढायची. एरवी याच पानांनी आपला धडा लक्षात ठेवावा म्हणून तिनं वर्षं घालवली होती. आता ती मनातल्या मनात विनवायची, विसरा. एकोणिसाव्या दिवशी पानं उघडी राहिली. विसाव्या दिवशीही. रोज दहा-दहा मिनिटं सुधन्वा अधिक जगत होता, आणि तेवढा वेळ तिची वाट पाहत होता.

बाविसाव्या दिवशी तिनं ओढलं आणि पानं मिटली. एकामागून एक, सगळी ओळ.

इक्बाल तिच्या मागेच उभा होता. हिशेब त्यानंही केला. तीन तास चाळीस मिनिटं. दोन दहापासून मोजलं तर पाच पन्नास. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मी सहाला दार उघडलं, वहिनी. घाट चढून आल्यावर चहाला थांबलो होतो. पाव तास. घाई नव्हती ना." त्यानं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "त्याचा हात गरम होता. मला वाटलं, काचघराच्या उकाड्यानं असेल."

हेमांगी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि घट्ट धरून ठेवला.