एक टिक राहून गेली

"मुलं वर्गात गप्प का बसतात, यावर काही मिळेल का हो?"

संदर्भ विभागाच्या काउंटरवर इतक्या अजिजीने कुणी विचारत नाही. मी मान वर केली. बाहीवर खडूचा पांढरा पट्टा, खांद्यावर वह्यांनी फुगलेली पिशवी…

"आमच्या घरी एक भाचा आहे. त्याला गप्प कसं बसवायचं, यावर मिळालं तर मलाही सांगा," मी म्हटलं.

तो खळखळून हसला, आणि मी, दहा वर्षं ग्रंथालयात काढलेली शहाणी बाई, चक्क उठून त्याला खुर्ची ओढून दिली.

शाळेत शिकवून तो पीएचडी करायला निघाला होता. जगभरचं शिक्षणावरचं संशोधन ज्या डेटाबेसमध्ये असतं, त्यात 'गप्प मुलं' असं टाकून थकला होता बिचारा.

"तिथे गप्प म्हणत नाहीत. 'वर्गातील सहभागाचा अभाव' म्हणतात."

"अरे बापरे! मुलांना हे कळलं तर आणखीच गप्प बसतील!"

मग तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी चारला यायला लागला. मी त्याला मनातल्या मनात मास्तर म्हणायचे. एकदा दोघांचे हात एकाच वेळी माऊसवर गेले… दोघांनीही 'सॉरी' म्हणून काढून घेतले, आणि बराच वेळ त्या माऊसला कुणी शिवलंच नाही. तीन महिने असे मजेत गेले.

आणि मग ती आली.

डेटाबेस पुरवणाऱ्या कंपनीने तिला तीन आठवडे वाचकांना शिकवायला पाठवलं होतं. मोकळे केस, खणखणीत हसू. पहिल्याच मंगळवारी मास्तर आत आला, मला बघून मान हलवली आणि सरळ त्या कंपनीवालीच्या टेबलाशी जाऊन बसला. मान हलवली फक्त! मी काय कपाट होते?

शुक्रवारीही तेच. ती काहीतरी बोलायची, तो डोकं हलवायचा, ती हसायची. संशोधनात एवढं हसण्यासारखं काय असतं हो? दहा वर्षांत मला तर एकही विनोदी प्रबंध सापडला नाही. माझा नुसता तिळपापड होत होता. वर ती येऊन मलाच म्हणते, "किती गोड आहेत ना ते सर!"

"असतील. मी चाखून नाही पाहिले," मी म्हटलं.

घरी वहिनीने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "वन्सं, भांड्यांवर कशाला राग? कोण आहे ती?"

"कुणी नाही."

"म्हणजे आहे," वहिनी म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मास्तर अचानक काउंटरवर आला. "शनिवारी समितीसमोर विषय मांडायचाय. यावर आधी कुणी काम केलेलं नाही ना, एवढं एकदा बघाल? झालेला विषय नेला तर मला परतच पाठवतील. वर्षभराची मेहनत जाईल."

"त्यांना नाही विचारलंत?" मी तिच्याकडे मान वळवून विचारलं.

"तुम्ही पाहिलं की पक्कं असतं," तो म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून ते खणखणीत हसू आलं, आणि तो वळून हसला. बस्स! मी दाणदाण टाइप केलं, पडद्यावर शून्य आलं, आणि मी म्हटलं, "कुणी केलेलं नाही. जा बिनधास्त."

शुक्रवारी सकाळी दुसऱ्या कुणासाठी शोधायला तेच पान उघडलं. 'फक्त पूर्ण मजकूर' या चौकटीतली टिक तशीच होती. ती टिक असली की ज्यांचा फक्त सारांश मिळतो, ते सगळे प्रबंध यादीतून गायब होतात. ती काढायची असते, हे मी नवीन वाचकाला पहिल्या दिवशी शिकवते! काढली. त्रेचाळीस नोंदी आल्या. सहावी तर हुबेहूब त्याचाच विषय, गेल्या वर्षीचा.

सांगितलं, तर माझ्यावरचा त्याचा विश्वास उडणार, आणि तो कायमचा तिच्या टेबलाशी जाणार. नाही सांगितलं, तर उद्या समिती त्याला सोलून काढणार. मी सारांश छापला, अर्धी रजा टाकली आणि मधल्या सुट्टीत त्याची शाळा गाठली.

तो जिन्यापाशी मुलांच्या गराड्यात उभा होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं.

"मी चुकले," मी कागद पुढे केला. "हा प्रबंध आहे. तुमच्याच विषयावर. टिक काढायची राहिली."

"तुमच्याकडून?"

"हो, माझ्याकडून! लक्ष नव्हतं माझं. तुम्ही तिच्याकडे बघून हसत होतात, आणि मी… मला सहन होत नव्हतं. झालं समाधान?"

तो खाली मान घालून कागद वाचत राहिला. घंटा झाली, मुलं पळाली, तरी वाचतच होता.

"यांनी मुलांना विचारलंय," तो शेवटी म्हणाला. "मुलं गप्प असताना शिक्षक काय करतात, ते नाही विचारलेलं. मी ते विचारतो. आज कळलं म्हणून वाचलो."

"आणि… ती?"

"तिच्याकडे शोधायला शिकत होतो."

"मी शिकवत नव्हते?"

"तुम्ही शिकवायला लागलात की मला काही सुचत नाही." त्याचे कान लाल झाले. "आणि मला सगळं स्वतःचं स्वतः यायला हवं होतं. काम असलं की येतो, असं तुम्हाला वाटायला नको. मला काम नसताना यायचं होतं."

मला रडूही येत होतं आणि हसूही. मी नुसतंच "बरं" म्हटलं आणि पळाले.

समितीने बदललेला विषय मान्य केला. मंगळवारी चारला मास्तर आला, रिकाम्या हाताने. कंपनीवालीने हात केला, त्याने नुसती मान हलवली. दाराशी वाचकांची वही असते. नाव, वेळ आणि भेटीचं कारण लिहायचं. त्याने कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: 'संदर्भ विभागातल्या बाई'.

"अहो, खोडा ते!" माझा जीव वरखाली झाला. "मुख्य ग्रंथपाल दर सोमवारी ही वही तपासतात!"

"मग सोमवारच्या आत," तो पेन खिशात ठेवत म्हणाला, "तुमच्या घरी येऊन बोलू का?"