अनुपनं बंद केलेला भोंगा

सरका जवळ. बाहेरचा दिवा राहू द्या चालू, ऐकून झाल्यावर घरी जायचंय तुम्हाला.

जऊळक्याचा अनुप माझ्या चांगल्या ओळखीचा. लग्नाचे व्हिडिओ करतो. हात गुणी, पण आळस हाडीमासी मुरलेला. स्टुडिओतलं सगळं काम एका मशीनमध्ये, मशीनमध्ये दोन डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. एखादीची वायर सुटली की मशीन भोंगा वाजवून सांगायचं.

दीड-दोन वर्षांमागं ऐन लग्नसराईत तो भोंगा वाजला. या पठ्ठ्यानं काय करावं? वायर बघायची सोडून कमांड मारून भोंगाच बंद केला! त्यानंतर गावातले गायक देवमनदादा, त्यांनी त्याच्याकडे आपली भीमगीतं रेकॉर्ड केली. ती एकाच डिस्कवर उतरली. थंडीत दादा गेले.

वर्ष झालं. पौषातली अमावस्या, शनिवार. दुसऱ्या दिवशी दादांचा स्मृतिदिन. संध्याकाळी त्यांची बायको बेबीताई स्टुडिओत आली.

"उद्या विहारात त्यायचं गाणं लावजो बापा. मले आयकू दे एकडाव."

"दोन दोन डिस्कवर हाये ताई. कायले काळजी करता?" अनुप म्हणाला.

म्हणाला खरा, पण मनात पाल चुकचुकली. जेवून तो परत आला, दार लावलं आणि कमांड दिली. दोन्ही डिस्क चालू दिसायला हव्या होत्या. एकच दिसली. भोंगा वाजला त्या दिवसापासून एकच. त्यानं सैल वायर घट्ट बसवली, मशीन बंद करून चालू केलं. अशा वेळी डिस्कची नावं कधीकधी अदलाबदल होतात, हे त्याला ठाऊक होतं. डिस्कची यादी बघायला एका ओळीची कमांड पुरली असती. नाही बघितली. एकीवरून दुसरी भरायचा हुकूम सोडला. मशीननं विचारलं, नक्की ना? तो हो म्हणाला.

उलटं झालं. भोंगा वाजल्यापासून बंद पडलेली, गाण्यांच्या आधीची जुनी डिस्क गाण्यांच्या डिस्कवर उतरली.

दादांची गाणी गेली. अनुपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात...

टीं... टीं...

भोंगा. बंद केलेला.

त्यानं कमांड दिली. थांबेना. मशीनची पिनच उपटली, स्क्रीन विझला.

टीं...

मग शांत.

अंधारात कुणीतरी खाकरलं. गाण्याआधी दादा खाकरायचे, तसं.

अनुप उजाडेपर्यंत जागचा हलला नाही.

सकाळी पिन लावली, तर मशीनमध्ये एक नवीन फाईल. ती मोबाईलवर घेऊन तो बेबीताईच्या घरी गेला. मान खाली घालून सगळं सांगितलं आणि फाईल लावली. आधी खाकरणं. मग दादांचा आवाज.

"वाजून राह्यला होता ना, अनुप? काहून बंद केला?"

एवढंच.

"त्यायचाच आवाज हाये," बेबीताई म्हणाली. मग तिनं विचारलं, "गाणं नाई का रे एकबी?"



आता तो रोज तपासणी लावतो. दोन्ही डिस्क जुळवायची कमांड देतो. सगळं जुळतं. ती एक फाईल मात्र दुसऱ्या डिस्कवर अजून उतरलेली नाही.