डावा खांदा

कंपनीची मेल लोकांच्या स्वतःच्या फोनवर चढवून देणं हे त्याचं काम. एका अरुंद खोलीत, भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसून तो ते करी. वायरचा जमाना सरला तरी ऑफिसात सगळे त्याला 'वायरवाला' म्हणत. फोन जोडताना पडद्यावर सूचना येई, की गरज पडल्यास कंपनी हा फोन पुसू शकते. ती वाचणारा माईचा लाल त्याने अजून पाहिला नव्हता. स्टोअरकीपरनेही डोळे झाकून 'मान्य' दाबलं होतं.

स्टोअरकीपर हृदयविकाराने गेला. नियमाप्रमाणे त्याचा फोन त्याच दिवशी कंपनीपासून तोडायचा होता. यादीत नावापुढे दोन बटणं असतात. एकाने फक्त मेल जाते, दुसऱ्याने अख्खा फोन कोरा होतो. वायरवाल्याला घाई नडली.

आठवड्याने स्टोअरकीपरची बायको फोन घेऊन आली. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो त्यात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. तिने आवाज चढवला नाही, म्हणून त्याला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक आपली, हे त्याने कबूल केलं. बघतो काही जमतंय का, असंही म्हणाला. जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. फोन बंद करून त्याने खणात ठेवला.

सोमवारी यादी चाळताना स्टोअरकीपरच्या फोनपुढे दिसलं: शेवटचा संपर्क आज, दहा वाजून दहा मिनिटं.

त्याने खण उघडला. फोन बंदच होता, काच गार. मग स्टोअरकीपरची मेल उघडली. न पाठवलेल्या पत्रांत, कुणाचाही पत्ता नसलेला, एक फोटो होता. शाळेच्या फाटकाशी उभी मुलगी.

मंगळवारी त्याच वेळेला चाळीस आले. बुधवारी काही शेकडे. कुठेतरी अडकून पडले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं तर त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि खोलात शिरायची त्याला इच्छा नव्हती. शुक्रवारी त्याने तिला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

बघता बघता ती हसली. "ह्यांचा हातच तसा. माझा डावा खांदा कधी फोटोत आलाच नाही."

खरंच, तिच्या प्रत्येक फोटोत तो कापला गेला होता.

शेवटच्या फोटोशी ती थांबली. त्यात ती घरच्या खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. अंगात राखाडी स्वेटर. आत्ता होता तोच.

"हा मी परवा आणला, भाऊजी."

वायरवाल्याचा हात संपर्क तोडायला यादीतल्या बटणाकडे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली.

ती उठली. दाराशी जाऊन वळली, क्षणभर उभी राहिली आणि डावा खांदा जरा आत घेतला.

सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी एकच फोटो आला. ती दारात उभी होती. दोन्ही खांदे नीट आले होते.

खालच्या कोपऱ्यात वायरवाल्याचा कान आला होता, मागच्या बाजूने.

त्याने हळूच हात पाठीमागे नेला. भिंत तिथेच होती.