शेवटचा पाय बसेना

पहिला पाय भोकात बसला. दुसरा बसला, तिसराही बसला. चौथा जरा कुरकुरत बसला. पुढचे अडखळू लागले, आणि ओळीतला शेवटचा, म्हणजे विसावा पाय काही केल्या बसेना!

"दाबा ना जोरात, आबाजी!" मी म्हणाले.

"हो, दाबतो! आणि मोडला म्हणजे? त्याच्या ग्रहावर जाऊन दुसरी चिप तू आणशील का, निहारिका?" आबाजी करवादले. आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. अवकाशातून येणारे रेडिओ संदेश ऐकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी चिखलदऱ्याच्या घरात प्रयोगशाळा थाटली. आजी तिला भंगारघर म्हणते.

पाय होते चिपचे. चिप (असंख्य बारीक विद्युत जोडण्या पोटात घेतलेला चपटा ठोकळा) होती टूमाची. आणि टूमा? तो सकाळी आमच्या दाराशी उभा होता. त्याच्या गळ्यात भाषांतराचं यंत्र होतं, त्यातून आवाज आला, "मी हरवलो आहे. कृपया घाबरू नये."

मी कसली घाबरतेय! माझ्या गुडघ्याएवढा, अंजिरी रंगाचा, आणि अगदी रडकुंडीला आलेला. शाळेच्या सहलीबरोबर आला होता बिचारा. दरी बघता बघता मागे राहिला, पाय घसरून पडला, आणि त्याच्या बाईंनी मुलं न मोजताच यान उडवलं. सांगा, बाईंनी मुलं मोजायला नकोत?

यान पृथ्वीला एक चक्कर मारून सूर्य मावळताना पुन्हा आमच्या डोंगरावरून जाणार होतं. त्या वेळी टूमाच्या हाकयंत्रातून हाक गेली तरच ते थांबणार. नाहीतर ते तडक आपल्या ग्रहाकडे निघणार, आणि टूमा इथेच राहणार. पण पडताना हाकयंत्रातला सर्किट बोर्ड (वीज ठरावीक वाटांनी नेणारी पाटी) दुभंगला होता. चिप तेवढी वाचली होती.

"हात्तिच्या! पाटी घरीच बनवू," आबाजी म्हणाले होते. तुटलेले तुकडे जुळवून त्यांनी संगणकावर वाटांचा नकाशा काढला. आमची छपाईवाली यंत्रमानव लिपी हिने तो गुळगुळीत कागदावर टोनरने (शाईऐवजी वापरायची काळी भुकटी) छापला. तांब्याचा पातळ थर असलेल्या पाटीवर तो कागद पालथा ठेवून मी गरम इस्त्री फिरवली. भुकटी वितळून तांब्याला चिकटली. कागद पाण्यात भिजवून सोलला आणि पाटी रसायनात बुडवली. उघडं तांबं विरघळून गेलं, काळ्या रेघांखालचं तेवढं राहिलं. त्या झाल्या विजेच्या वाटा! मग भुकटी पुसून भोकं पाडायची आणि त्यात चिपचे पाय बसवायचे, झालं.

पण ते बसत नव्हते ना! आणि कोरी पाटी आता घरात एकच उरली होती.

टूमाने खिडकीतून कललेलं ऊन पाहिलं. "मला आई पाहिजे," तो म्हणाला.

"नकाशाच चुकला असेल," मी म्हणाले.

"छट्! दोन पायांत बरोबर अडीच मिलिमीटर. स्वतः मोजलेत मी."

मी लिपीकडून त्याच नकाशाची आणखी एक प्रत छापून घेतली आणि तिच्यावर पट्टी लावली. दोन ठिपक्यांमध्ये अडीचच दिसत होते. "बरोबर तर आहे!"

"मग पहिला बसतो आणि विसावा का बसत नाही? चालव की डोकं!"

मी चालवलं. "पहिल्या पायांना अडचण नाही, पुढच्यांना थोडी, शेवटच्याला खूप... आबाजी, चूक वाढत जातेय!"

"आत्ता कसं! मग दोनच ठिपक्यांत काय मोजत बसलीस? पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोज."

विसाव्या पायापर्यंत मधली अंतरं एकोणीस. एकोणीस गुणिले अडीच, साडेसत्तेचाळीस मिलिमीटर. कागदावर मात्र साडेपंचेचाळीसच्या जरासंच पुढे! जवळजवळ दोन मिलिमीटर गायब!

आबाजींनी माझ्या हातात एक कोरा कागद दिला. "याची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धर. प्रत्येक अंतरात एवढीच तूट आहे. पट्टीवर दिसेल का?"

"कशी दिसणार?"

"आता असे एकोणीस कागद एकावर एक ठेव."

मी ठेवले, आणि चिमटीत चांगला जाडजूड गठ्ठा आला. अगंबाई! न दिसणारी तूट एकोणीस वेळा साठली होती तर!

"नकाशा आक्रसलाय," आबाजी म्हणाले. "शंभराचे शहाण्णव झालेत. याला म्हणतात प्रमाण (मूळ माप आणि छापलेलं माप यांचं नातं). फुलाचं चित्र इतकंसं लहान छापलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. चिपला मात्र लगेच लागतो."

"पण आक्रसवला कुणी?"

आम्ही दोघांनी लिपीकडे पाहिलं.

"मी आज्ञा पाळली," लिपी शांतपणे म्हणाली. "मामांच्या लग्नपत्रिकेवरची 'श्री गजानन प्रसन्न' ही ओळ वर कापली गेली. तेव्हा आबाजी ओरडले, 'यापुढे काहीही छापलंस तरी समास सोडून अख्खं बसव, नाहीतर भंगारात देईन!' म्हणून मी प्रत्येक चित्र जरा लहान करते."

आबाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पोट धरधरून हसले. टूमाही हसला. म्हणजे तो वरपासून खालपर्यंत पिवळा झाला!

"हसा लेको, हसा! लिपी, आता शंभराला शंभर. आणि शेजारी शंभर मिलिमीटरची एक आडवी रेघ काढ, एक उभी."

"दोन कशाला?" मी विचारलं.

"छापताना कागद पुढे सरकतो, तेव्हा उभं माप कधी कधी थोडं फसवतं. आणि रेघ लांब का घ्यायची?"

"आखूड रेघेत चूक लपते, लांब रेघेत सापडते!"

"शाब्बास!"

दोन्ही रेघा पट्टीवर बरोबर शंभर भरल्या. तरी आबाजींनी चिप कागदावर ठेवून पाहिली. दोन्ही ओळींतला एकेक पाय आपापल्या ठिपक्यावर टेकला. मगच शेवटच्या पाटीवर इस्त्री फिरली.

पाटी रसायनातून निघाली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. आबाजींनी भोकं पाडली. मी श्वास रोखून चिप टेकवली आणि हलकेच दाबली. टक्! सगळेच्या सगळे पाय आत! मी आनंदाने किंचाळले. आबाजींनी भराभर डाख लावला (वितळलेल्या धातूने पाय पक्के केले) आणि आम्ही गच्चीवर पळालो.

टूमाने कळ दाबली. हाकयंत्र किणकिणलं. डोंगरामागे सूर्याची कड तेवढी उरली होती. आणि ढगातून एक यान सर्रकन खाली आलं! दार उघडून टूमाच्या बाई धावत आल्या. घाबऱ्याघुबऱ्या त्यांनी मुलं मोजली, टूमाला मोजलं, आणि त्या भरात मला आणि आबाजींनाही मोजलं.

टूमा माझ्या पायाला घट्ट बिलगला. मलाही रडू आलं, पण छान वाटत होतं. यान वर उचललं गेलं, तसे आबाजी हात हलवत ओरडले, "पोचलास की कळव रे!"

यानाचा ठिपका झाला. मी आबाजींकडे वळले. "तो कळवेल हो. पण आपण ऐकणार कशावर? त्याची हाक आपला एकही रेडिओ पकडत नाही."

आबाजींनी डोकं खाजवलं. मग त्यांचे डोळे चमकले. "उद्या अमरावतीहून पाट्या आणतो. पण ऐकणाऱ्या यंत्राचा नकाशा कोण काढणार?"

"मी!" असं ओरडून मी जिना उतरायलाही लागले. टूमा घरी पोचायच्या आत आमचं यंत्र तयार व्हायला हवं होतं.