निजवलेली पेज

"माज्या पोरीला पोलिसांनी उद्या ठाण्यात बोलावलंय. आत गेली का परत यायची नाय, बाय," भागोजी म्हणाले आणि खुर्चीवर न बसताच रडू लागले.

महाडच्या त्या लहानशा ऑफिसात खाजगी तपासाची कामं घेणाऱ्या प्रियदर्शिनीने त्यांना पाणी दिलं. तिचा सोबती राजेश महाडजवळच्या वीर स्टेशनवर रिक्षा चालवी. रिक्षा भन्नाट, डोकं मात्र पहिल्या गिअरमध्ये. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला खांद्याला धरून बसवायचं त्यालाच सुचलं.

हकीकत थोडक्यात होती. भागोजींची विधवा मुलगी वैशाली उमरठजवळच्या वाडीत सासूशेजारच्या घरात राही. दोन दिवसांपूर्वी सकाळी ती पाणी घेऊन गेली, तर सासू रखमा जात्यापाशी पडलेली. डोकं फुटलेलं, दंडावर बोटांचे वळ. चुलीवर गरम पेज. म्हणजे रखमा सकाळी जिवंत होती, असं पोलिसांनी धरलं. सकाळी घरात गेली ती एकटी वैशाली, आणि आदल्या दुपारी दोघींचं भांडण सगळ्या वाडीने ऐकलं होतं. शवचिकित्सेचा अहवाल अजून यायचा होता.

रिक्षा पोलादपूरवरून वाडीत पोचली. वैशाली ओटीवर बसली होती, लहानगी तेजश्री तिला बिलगलेली.

"भांडण कशावरून?"

"हिला शाळंसाठी महाडला ठेवायची म्हनून. सासूबाय नको म्हनत. भांडले म्हनून मारीन काय गो ताई? माजी आई गेल्यावर त्याच माजी आई व्हत्या."

"पेज हाताला लागली होती?"

"बोट घातलं मी. वरनं नि कडंला कोमट, मधी पोळलं."

"आणि चुलीत?"

"राख. तिच्यात मांजर निजलेलं. हुसकलं मी त्याला."

"मांजराला ऊब लागतेच," राजेशने ज्ञान पाजळलं.

रखमाच्या चुलीपाशी जाऊन प्रियदर्शिनीने पेजेचा रिकामा, न घासलेला टोप उचलून उलटा केला. बुडाच्या काजळीला भाताच्या पेंढ्याची एक काडी चिकटली होती, पिवळीधमक. कोपऱ्यात पेंढ्याने भरलेली मोठी टोपली होती आणि पेंढ्यात मधोमध खळगा.

"ही कशाला?"

"कुनी उशिरा येनार आसला का सासूबाय शिजलेली पेज टोपासकट हिच्यात ठेवीत, वरनं गोधडी. पेज निजवली म्हनत. आमच्या घरातलाच शब्द हाय तो. पन त्या दिवशी टोप चुलीवर व्हता."

रखमाचा धाकटा मुलगा अनिल मुंबईला नोकरी करी. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"मी सकाळच्या ट्रेनने वीरला उतरलो, मॅडम. इथं आलो तर सगळं खतम. चुलीवर ताजी पेज होती, तेच पोलिसांना सांगितलं."

"तुम्ही येणार हे आईला ठाऊक होतं?"

"नाय. सरप्राइज द्यायचं होतं." त्याचा आवाज फुटला. "माझ्यासाठी पेज निजवली तिनं, आणि मी तोंडसुद्धा लावलं नाय."

संध्याकाळी प्रियदर्शिनीने वैशालीला टोपभर घट्ट पेज शिजवून टोपलीत निजवायला सांगितली.

सकाळी वैशालीला न्यायला आलेल्या हवालदारासमोर, अनिल आणि भागोजींच्या देखत, तिने टोपलीवरची गोधडी काढली. राजेशने पेजेत बोट घातलं आणि बोंब मारली.

"ही कालची आहे," प्रियदर्शिनी म्हणाली. "पेंढ्यात अडकलेली हवा हलत नाही, म्हणून ऊब बाहेर पडत नाही. नुसतं पाणी असतं तर तापलेलं वर, निवलेलं खाली असं फिरून सगळं सारखंच निवलं असतं. घट्ट पेज फिरत नाही. टोप उघड्यावर काढला की कडा आणि वरचा थर निवतो, मध्य तापलेला राहतो. वैशालीच्या बोटाला तेच लागलं. नुकती उतरवलेली पेज सगळीकडे पोळली असती."

"पण टोप चुलीवर होता," हवालदार म्हणाला.

"थंड चुलीवर. दगडमातीची चूल विस्तव विझला तरी कितीतरी वेळ तापलेली असते. नुकत्याच पेटून विझलेल्या चुलीत मांजर कसं झोपेल? आणि टोप विस्तवावर असता तर बुडाची ही काडी जळून गेली असती. रखमाबाईंनी पेज काढली असती तर चूल पेटवली असती, नाहीतर ताटात वाढली असती. टोप दुसऱ्याने ठेवला, त्या सकाळी जिवंत होत्या असं वाटावं म्हणून. वैशाली स्वतःच्याच गळ्यात फास कशाला अडकवील? फायदा एकाचाच, सकाळच्या गाडीने आलो म्हणणाऱ्याचा."

ती अनिलकडे वळली. "टोप चुलीवर होता आणि पेज ताजी, असं तुम्हीच सांगितलंत. मग ती निजवली होती, तीही तुमच्यासाठी, हे कसं कळलं?"

अनिल भिंतीला टेकला.

"फोन केलेला मी तिला. संध्याकाळी आलो. म्हटलं, आताच्या आता मुंबईला चल, इथं एकटी मरशील. ती म्हणाली, आधी हातपाय धू, पेज निजवलीय. मी दंड धरून ओढलं. तिनं झटका दिला आणि जात्यावर... उजाडायच्या आत टोप चुलीवर ठेवला, पोलादपूरपर्यंत उतरलो, परत वर आलो. वहिनीवर येईल असं वाटलं नव्हतं. आलं, तेव्हा बोलायची हिंमत झाली नाय."

भागोजींनी लेकीचा हात घट्ट धरला. वैशालीची सुटका झाली होती, पण तिच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"भावजी, रातभर तुमी त्यांच्यापाशी बसलात," ती म्हणाली. "भिंतीपल्याड तर व्हते मी. एक हाक मारायची व्हती."

हवालदार उठला. राजेशने टोप उचलला होता, त्याचा खळगा टोपलीत तसाच राहिला होता. दाराकडे जाता जाता अनिल वाकला आणि त्याने त्या खळग्यात हात घातला.

"अजून गरम हाय," तो म्हणाला, आणि टोपलीपाशीच खाली बसला.