शर्मिष्ठा वर येईपर्यंत

“टॉर्च बंद कर बे, गोकुळ! माझा अख्खा फोटो गेला ना!”

शेजारच्या गच्चीवरचा उजेड दचकून विझला. पण अंधारातून आलेला आवाज मामेभावाचा नव्हता... जाडसर होता, आणि हसू दाबणारा.

“गोकुळ नाही हो. मी हर्षल, जनावरांचा नवा डॉक्टर. मोबाइलची रेंज शोधून राह्यलो होतो.”

पुष्पांजलीचे कान तापले. मामाकडे राहून वडनेर भोलजीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, आणि अनोळखी माणसाला ‘बे’!

“माफ करा हं, डॉक्टर.”

“माफी कायची? म्हशींशिवाय मले कोणी एवढ्या हक्कानं ओरडत नाही.”

तिला हसू फुटलं. मग तिनंच त्याला कठडा ओलांडून दुर्बीण पाहायला बोलावलं. कॅमेऱ्याच्या पुढे बारीक रेघांची काच लावली, की तारा ठिपका न राहता रंगांची पट्टी होऊन उतरतो, हे दाखवलं. शर्मिष्ठा या तारकासमूहातल्या मधल्या ताऱ्याच्या पट्टीत लाल रंगात एक जागा झळाळून उठते, तीच तिला मोजायची होती. पाहता पाहता त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला... तो बाजूला घ्यायला दोघांनीही जरा उशीरच केला.

त्यानंतर दवाखाना बंद झाला, की तो गच्चीवर येऊ लागला. मामी चहाच्या निमित्तानं डोकावून जायची.

एका संध्याकाळी पुष्पांजली दुर्बीण झाकूनच बसली होती.

“काऊन हो? तारे रुसले का?”

“माझी पट्टी परत आली. आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटानं कळवलं, निळा रंग फारच कमी भरतो म्हणे.”

“मग कॅमेराच निळ्याले कमी पाहत असंन.”

“ते तर मी धरलंच होतं. अभिजित ताऱ्याचे खरे रंग किती, हे ठरलेलं आहे. माझ्या कॅमेऱ्यात ते किती उतरतात ते पाहिलं, की कॅमेऱ्याची खोड सापडते. मग तेवढ्यानं बाकीच्या ताऱ्यांना भागायचं.”

“मग चुकलं कोठी?”

“अभिजित उंच होता तवा टिपला, अन् शर्मिष्ठा खाली धुरकट हवेत होती. तिचा निळा रंग हवेनं खाल्ला, अन् मी तो कॅमेऱ्याच्या हिशेबात शोधत बसली.” तिचा आवाज बारीक झाला. “दोघं एका उंचीवर आले, की टिपायचे. पट्टी पाठवायचा शनिवारी शेवटचा दिवस आहे. पण मागच्या वामनरावांच्या गोठ्यावरच्या हॅलोजनचा उजेड नेमका इकडंच येते.”

“तो मी बंद करवतो. शब्द.”

ती खाली पाहत म्हणाली, “रविवारी मले पाहायले अकोल्याचे पाहुणे येऊन राह्यले.”

हर्षल दुर्बिणीवरचं कापड उगाचच सारखं करत राहिला.

शनिवारी अंधार पडला आणि वामनरावांची म्हैस विताना अडली. हर्षल धावला. गोठ्यावर हॅलोजन लख्ख पेटला होता. अभिजित पश्चिमेला उतरत होता, शर्मिष्ठा वर सरकत होती, आणि पुष्पांजली ओठ चावत उभी होती. जीव अडलेला असताना दिवा बंद करा, असं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

इतक्यात हॅलोजन विझला. गोठ्यात एक पिवळा बल्ब लागला. तिनं आधी अभिजित टिपला, मग शर्मिष्ठा. खालून “हळू... ओढा आता!” असा त्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं तो लंगडत वर आला. अंगाला डेटॉलचा वास.

“म्हशीले वगार झाली. उभीपण राह्यली. आईनं मले लाथ देली, तेवढंच.”

“अन् हॅलोजन?”

“वामनरावले म्हटलं, डोळ्यावर उजेड येते, बिथरते ते. आतला बल्ब पुरते.”

“खरंच बिथरली होती?”

“थोडी म्हैस... अन् थोडा मी.”

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. निळ्या बाजूची रेघ या वेळी जिथे हवी तिथे होती, आणि लाल रंगात तो झळाळता सुळका ताठ उभा होता. तो पाहत राहिला. आधी पडद्याकडे... मग तिच्याकडे.

“छान झालं. उद्या पाहुण्यायलेही दाखवा.”

“ते येत नाहीत. मामाले मी सकाळीच नाही सांगून देलं.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? तूच सांग ना!”

‘तू’ निसटून गेला होता. परत घ्यावा, असं तिला वाटलं नाही.

“मामाले मी उद्या विचारीन,” तो अडखळला, “पण आधी तुले... चालंन का?”

“हाव,” ती म्हणाली, आणि घाईनं दुर्बिणीला डोळा लावून बसली. समोर कोणता तारा होता, हे मात्र तिला मुळीच सांगता आलं नसतं.